शाकारणीचं गणित : बडोदे विद्यापीठाच्या इमारती आणि पुढची पन्नास वर्षं

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका तरुण सभासदानं विचारलं, "काका, विद्यापीठाच्या जुन्या इमारतींचा काही पन्नास वर्षांचा आराखडा असायला नको का?" तेव्हा मी "हो, असायलाच हवा" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो 'आराखडा' शब्द डोक्यातून जाईना. कारण आपल्या विद्यापीठाचं आवार मुळात एका आराखड्यावर उभंच राहिलेलं नाही. ते गोळा झालेलं आहे. जे एका नकाशातून आलं नाही, त्याचं नूतनीकरण एका नकाशानं कसं होणार? या प्रश्नामागे जात जात हा निबंध झाला.

आधीच सांगतो, मी वास्तुविशारद नाही की इंजिनिअर नाही. नोकरी बँकेत झाली. कला शाखेत असताना चार वर्षं त्या मोठ्या घुमटाखालून ये-जा केली, एवढंच माझं नातं. पण आमच्या घरात इमारतींच्या गोष्टी फार चालत. आजोबा कलाभवनात शिकून संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालेले. घर म्हणजे दांडिया बाजारच्या मागचा जुना वाडा, देशी नळ्यांच्या छपराचा. मृग लागायच्या आधी घरात एकच विषय असे, तो म्हणजे शाकारणी. फुटके नळे काढायचे, सरकलेले परत बसवायचे, पन्हळीतला पाला उपसायचा, तुळईला वाळवी लागली का ते पाहायचं. शेजारचे गुजराती लोक नळियां चाळायला जो माणूस बोलावत, तोच दुसऱ्या दिवशी आमच्या छपरावर चढे. आजोबा खाली ओट्यावर उभे राहून बोट दाखवत. ते म्हणायचे, "घर पावसानं पडत नाही. वर्षभर वर कुणी बघत नाही, म्हणून पडतं."

हे वाक्य पुढं उपयोगी पडणार आहे, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

गोळा झालेलं आवार

बडोदे कॉलेज सुरू झालं १८८१ साली. श्रीमंत सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले तेही त्याच वर्षी, २८ डिसेंबरला. महाराजांचं वय तेव्हा १८. कॉलेजची इमारत रॉबर्ट चिझम यांची. हे मद्रास सरकारचे वास्तुविशारद. मद्रास विद्यापीठाचं सेनेट हाऊस त्यांनीच बांधलं होतं, म्हणजे विद्येच्या घरांचा त्यांना सराव होता. लक्ष्मीविलास राजवाड्याचं मूळ काम मेजर चार्ल्स मँट यांचं. १८८१ मध्ये मँट वारले, तेव्हा राजवाडा पुरा करण्याचं काम चिझम यांच्याकडे आलं आणि १८९० मध्ये ते पूर्ण झालं. १८९६ चं न्यायमंदिरही त्यांचंच. तेव्हा कॉलेजचा घुमट, राजवाडा आणि न्यायमंदिर यांत जो घरोबा दिसतो, तो उगाच नाही.

या कॉलेजात अरविंद घोष शिकवत. १८९३ ते १९०६ ते बडोद्याच्या नोकरीत होते. याच कॉलेजात विनोबा शिकले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र आपण सोडून देतो. परीक्षेला मुंबईला जावं लागे, कारण बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. घुमट आपला आणि पदवी मुंबईची, असा तो काळ.

कॉलेजच्या पाठोपाठ एकेक संस्था येत गेली. १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा, जिची आजची पिढी सुरसागरच्या काठावर शिकते. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचं कलाभवन. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकायला इथंच आले होते. १९१५ मध्ये संस्कृत महाविद्यालय. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर. त्याच्या आधीच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झालेली होती. १९३५ मध्ये शिक्षक प्रशिक्षणाचं कॉलेज, १९४२ मध्ये प्रतापसिंह कॉमर्स कॉलेज. विद्यापीठ झाल्यावर १९५० मध्ये ललित कला शाखा आली आणि तिथं चित्रकला शिकवायला इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले. पुरातत्त्व विभागही त्याच वर्षीचा.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. १९४९ पूर्वीची यातली एकही संस्था 'विद्यापीठाचा भाग' म्हणून जन्मलेली नाही. जिला जशी जागा मिळाली तशी ती बसली. म्हणून आपल्या विद्यापीठाला एकच एक दरवाजा नाही. सयाजीगंजात एक भाग, राजमहाल रोडला दुसरा, सुरसागरला तिसरा, मधून शहराचे रस्ते वाहतात. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, "विद्यापीठ कुठं आहे?" आपण म्हणतो, "कोणत्या फॅकल्टीत जायचंय?"

तीन शहरं, तीन वाटा

याचं वेगळेपण कळायला शेजारी पाहावं लागतं. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आले आणि आपल्या ओळखीच्या तिन्ही दरबारांशी त्यांचा संबंध आला. बडोदे शहराच्या वाढीवरचा त्यांचा अहवाल १९१६ चा. १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. त्यात इंदुरात विद्यापीठ कसं असावं याचाही विस्तारानं विचार आहे. म्हणजे इंदूरला आराखडा आधी मिळाला. विद्यापीठ मात्र यायला १९६४ साल उजाडलं. त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं त्यानंतर.

हैदराबादची तऱ्हा वेगळी. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते शहरातल्या भाड्याच्या घरांत. मग जागा निवडली, दोन वास्तुविशारदांना देशोदेशीची विद्यापीठं पाहायला पाठवलं, बेल्जियमच्या अर्नेस्ट जॅस्पर यांना बोलावलं. आर्ट्स कॉलेजची पायाभरणी १९३४ मध्ये, उद्घाटन १९३९ मध्ये. तिथं आराखडा झाला आणि तो दगडात उतरलाही, पण विद्यार्थ्यांनी त्यासाठी २१ वर्षं वाट पाहिली.

बडोद्यात याच्या उलट घडलं. इमारती आधी, विद्यापीठ मागून. विद्यापीठाचा विचार नव्हता असं नाही. १९२६-२७ मध्ये त्यासाठी आयोगही बसला होता. पण प्रत्यक्ष विद्यापीठ झालं तेव्हा सयाजीराव महाराजांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

हे सांगायचं कारण असं की, आज कुणी 'मास्टर प्लॅन' म्हटलं की डोळ्यांपुढं हैदराबादचं चित्र येतं : मोकळी जमीन, मधोमध मोठी इमारत, सरळ रस्ते. बडोद्याला ते चित्र लागू पडत नाही. इथं उपयोगी पडेल ती गेडीसांची दुसरी शिकवण. नकाशावर रेघ मारण्याआधी पायी फिरा, काय आहे ते नीट पहा, आणि कापाकापी करायचीच तर जपून करा. तळी, झाडं, जुने वाडे सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध असे. आधी निदान आणि मग उपचार, ही त्यांची रीत. वैद्याची म्हणा हवं तर.

३० एप्रिल आणि १ मे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं ३० एप्रिल १९४९ ला. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ ला. मध्ये एक रात्र.

आपण हे नेहमी अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. प्रतापसिंहराव महाराजांनी आजोबांच्या नावानं विद्यापीठ दिलं, सर सयाजीराव डायमंड ज्युबिली अँड मेमोरियल ट्रस्ट करून त्याला आधार दिला. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. संविधान सभेच्या सभासद आणि बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी स्त्री बसण्याची देशातली ती पहिली वेळ. मुंबईच्या पदवीची गरज संपली.

पण त्या एका रात्रीत आणखीही एक गोष्ट झाली, तिच्याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. इमारती विद्यापीठाकडे आल्या, आणि ज्या संस्थानच्या खात्यानं त्या बांधल्या, सांभाळल्या, ते खातं नव्या राज्याच्या कारभारात विरघळलं. आमच्या घरापुरतं सांगतो. आजोबांची नोकरी मुंबई राज्याकडे वर्ग झाली आणि बदली होऊन ते बडोद्याबाहेर गेले. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी गेले असतील. कुठली पन्हळ कुठं उतरते, कुठल्या गच्चीचा उतार कुठं चुकलाय, कोणत्या भिंतीत मागे कमान बुजवली आहे, हे माहीत असलेली माणसं इमारतींपासून तुटली. हे ज्ञान कागदावर थोडं होतं आणि माणसांत फार होतं.

यात कुणाचा दोष नाही. नव्या विद्यापीठापुढं नव्या शाखा, नवे विभाग, दरवर्षी वाढणारे विद्यार्थी असा डोंगर होता. अशा वेळी पहिला पैसा नव्या वर्गांना जातो. घर वाढत असताना छपराकडे कोण बघतं? पण आज पाऊणशे वर्षांनी 'इमारती जुन्या झाल्या' असं आपण म्हणतो, तेव्हा नुसतं वय मोजून चालणार नाही. शाकारणी किती वर्षं झाली आणि किती वर्षं चुकली, हेही मोजायला हवं.

चुना आणि सिमेंट

दुसरा गैरसमज असा की १८८० च्या इमारती म्हाताऱ्या आणि १९६० च्या तरुण. प्रत्यक्षात अनेकदा उलटं दिसतं.

घुमटाची इमारत वीट-चुन्याची. चुन्याची भिंत पावसात थोडी ओल घेते आणि उन्हात सोडून देते, म्हणजे श्वास घेते म्हणा ना. तिला पाणी सोसतं, कोंडलेलं पाणी सोसत नाही. अशा भिंतीला 'पक्कं काम' म्हणून वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, क्षार वर येतात आणि काही वर्षांत विटेची माती व्हायला लागते. आपल्या कितीतरी वाड्यांचं हेच झालं. आमच्याही झालं. हौसेनं सिमेंट लावलं आणि पुढच्या दहा वर्षांत भिंत पोखरली. आजोबा असते तर लावू दिलं नसतं.

घुमटाचं खरं दुखणं घुमटावर नसतं. घुमट गोल असल्यानं पाणी घसरून जातं. ते जमतं घुमटाच्या पायथ्याशी, लहान घुमट्यांच्या मधल्या खोबणीत आणि गच्चीच्या कोपऱ्यात. तिथं पन्हळ तुंबली, कबुतरांची घाण साचली, त्यात पिंपळाचं बी पडलं की काम सुरू झालं. पिंपळाचं रोप बोटभर असताना उपटायला दोन मिनिटं लागतात. त्याचं खोड झालं की विटाच काढाव्या लागतात.

सिमेंट काँक्रीटच्या इमारतीचा रोग निराळा. तिच्या पोटात लोखंडी सळया. काँक्रीटचा थर पातळ असेल, गच्ची गळत असेल, तर ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट फोडते. एकदा छताचे पोपडे पडायला लागले की नुसत्या रंगरंगोटीनं भागत नाही. तेव्हा पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना स्वातंत्र्यानंतरच्या साध्या, चौकोनी, कुणी फोटो काढत नाही अशा इमारतींकडे आधी बघावं लागेल. जास्त मुलं त्यांतच बसतात.

नदी

आराखड्यात नदी धरली नाही तर तो बडोद्याचा आराखडा नव्हे. विश्वामित्री कमाटीबागेतून वाहते आणि विद्यापीठाच्या अंगणालगत जाते. शहराच्या पाण्यासाठी वरच्या अंगाला आजव्याचा तलाव बांधला तो १८९० च्या सुमारास, जगन्नाथ सदाशिव हाटे या आपल्याच मराठी इंजिनिअरनं. तलाव भरला की नदीला पाणी सुटतं, हे गणित तेव्हापासूनचं. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. धोक्याची पातळी २५ फूट. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. विद्यापीठाच्या आवारात मगर आल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत, पाहुण्यांना त्या सांगताना आपल्याला मजाही येते. पण पुराच्या पाण्याबरोबर येणारा चिखल, विजेच्या खोल्या, तळमजल्यावरचे दप्तराचे गठ्ठे, यांत मजा नाही.

प्राच्यविद्या मंदिरातली हजारो हस्तलिखितं घ्या. वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात ७ खंडांत इथूनच निघाली. तिच्यामागे पंडितांची मेहनत होती, तशीच जपून ठेवलेल्या पोथ्यांची साथ होती. ताडपत्राला आणि जुन्या कागदाला दमट हवा विष. तेव्हा एखाद्या इमारतीला ओल किती येते हा निव्वळ बांधकामाचा प्रश्न राहत नाही, तो विद्येचाच प्रश्न होतो. कोणती वस्तू कोणत्या मजल्यावर ठेवायची हे ठरवणं, हेही नूतनीकरणच.

मग आराखडा कसा?

इतिहासातून जे सुचतं ते मांडतो. जाणकारांनी दुरुस्त करावं.

पहिली गोष्ट, नोंदवही. प्रत्येक इमारतीचं एक पान. कधी बांधली, कशाची बांधली, छप्पर कसलं, पाणी कुठून उतरतं, कोणती दुरुस्ती कधी झाली आणि कोणत्या मालानं झाली, आज आत काय चालतं. १९४९ मध्ये जे ज्ञान माणसांबरोबर गेलं, ते परत जमवण्याचा हाच मार्ग. ही नोंद होईपर्यंत मोठं काही पाडूही नये आणि मोठं काही जोडूही नये.

दुसरी, फेरा. काही कामं दरवर्षी मृगाच्या आधी : पन्हळी, गच्च्या, पिंपळाची रोपं. काही कामं दर काही वर्षांनी : लाकूडकाम, गिलावा, विजेच्या तारा. आणि काही पिढीतून एकदा : छप्पर, पाया, पूर्ण बदल. पन्नास वर्षांचा आराखडा म्हणजे या तीन फेऱ्यांचं पंचांग. पहिला फेरा चुकला की दुसऱ्याचा खर्च वाढतो, दुसरा चुकला की तिसरा लवकर येतो. बँकेत कर्जाच्या व्याजाचा हिशेब करत जन्म गेला, म्हणून हे मला चटकन पटतं. न केलेली दुरुस्ती हेही कर्जच आहे आणि त्याचं व्याज चक्रवाढ असतं.

तिसरी, वापर. इमारतीला जमेल ते काम तिच्याकडे द्यावं. उंच छताच्या, जाड भिंतींच्या खोल्यांत व्याख्यानं, वाचनालयं उत्तम चालतात. जड यंत्रं, पाण्याच्या टाक्या, खिडक्या बुजवून बसवलेली वातानुकूलन यंत्रं तिथं कोंबू नयेत. अशी कामं नव्या जागेत न्यावीत.

चौथी, हात. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कलाभवनात इमारत बांधायला शिकवत, लाकूडकाम, यंत्रकाम, रंगकाम शिकवत, आणि तेही पोरांना कळेल अशा त्यांच्या भाषेत. सांभाळणारे हात आणि सांभाळायच्या इमारती एकाच गावात, एकाच छत्राखाली होत्या. आजही विद्यापीठात तंत्रज्ञान शाखा आहे, वास्तुकला आहे, ललित कला आहे, पुरातत्त्व आहे. विद्यार्थ्यांनी दरवर्षी एकेका इमारतीची मापं घ्यावीत, चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याबरोबर उभं राहावं आणि नोंदवहीचं पान भरावं. इतकं मोठं शिकायचं साहित्य दारात असताना ते न वापरणं शोभत नाही.

पाचवी, पैसा. प्रतापसिंहरावांनी विद्यापीठ दिलं तेव्हा नुसतं नाव दिलं नाही, मागं ट्रस्ट उभा केला. तीच रीत देखभालीला लावावी. नव्या इमारतीला पैसे देणारा मिळतो, कारण तिथं पाटी लागते. पन्हळ उपसल्याची पाटी कुणी लावत नाही. म्हणून देखभालीचा निधी वेगळा हवा आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असा हवा. आपण माजी विद्यार्थी त्यात भर घालू शकतो, नावाशिवाय.

आपलं काम

मंडळी, हे सगळं विद्यापीठानं करायचं आणि आपण ओट्यावर बसून बोट दाखवायचं, असं मला म्हणायचं नाही. नोंदवहीचा पहिला भाग आपल्याच घरांत आहे. बडोद्याच्या मराठी कुटुंबांतले किती आजोबा-पणजोबा बांधकाम खात्यात, खाजगीत, कलाभवनात होते! कुणाच्या माळ्यावर नकाशा असेल, कुणाकडे मजुरीची वही, कुणाकडे इमारतीपुढं उभ्या राहिलेल्या वर्गाचा फोटो. फोटोत माणसं कुणालाही ओळखू आली नाहीत तरी आणा. मागची खिडकी, पन्हळ, जिना ओळखू येईल. आजोबांची एक खिशातली वही माझ्याकडे आहे, बरीचशी मोडीत. तिचं लिप्यंतर करायला मी या महिन्यात बसतोय. ज्यांना मोडी येते त्यांनी मदतीला यावं.

यंदा मृगाच्या आधीच्या रविवारी मी घुमटाच्या भोवती बाहेरून एक फेरी मारणार आहे, दुर्बीण आणि वही घेऊन. कुठं रोप उगवलंय, कुठं ओलीचा डाग आहे, एवढंच टिपायचं आणि ते टिपण विद्यापीठाच्या कचेरीत नेऊन द्यायचं. प्रश्न विचारणारा तो तरुण सभासद येतो म्हणालाय. आणखी कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला यावं, उन्हाच्या आत.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर पुढच्या बैठकीत सांगा. चूकभूल द्यावी घ्यावी.